सड्यावरचे अकरा

ठरला होता फक्त समुद्र.
समुद्र, मासे, आणि जमलंच तर किल्ला, तोही खालूनच.
पण घावणे वाढता वाढता घाडीकाकू म्हणाल्या,
"सड्यार धोंड्यांचा रिंगण आसा,
जावन येवा गे, उन्हाआदी."

साडेआठलाच ऊन चढलेलं.
देवगडचा सडा म्हणजे मैलभर तापत ठेवलेला तवा,
मेमधलं गवत, पिवळंसुद्धा नाही, राखाडी,
करवंदीच्या जाळीत करवंदं कमी, पिशव्या जास्त.
मृण्मयीला एका खांबापाशी रेंज सापडली, ती तिथेच थांबली.
ओजसला बजावलं, दगड उचलायचा नाही,
खाली फुरसं असतं.

अकरा दगड.
गुडघ्याएवढे. एक कमरेएवढा, एक आडवा पडलेला.
सुधन्वा म्हणाला, "एवढंच?"
खरं सांगायचं तर मीही तेच म्हणणार होते,
फक्त त्याच्याआधी नाही.

अण्णांनी मात्र चपला काढल्या.
देव म्हणून नव्हे. तेहतीस वर्षं बांधकाम खात्यात,
पावलं मोजायची तर अनवाणीच मोजायची.
काठी आधी जमिनीवर वाजवली, मग दगडावर.
"ऐक. हा जांभा. आणि हा नाही.
हे काळे पत्थर इथले नव्हेत,
खाडीपलीकडून आणलेत, एवढा चढ चढवून.
ना ट्रक, ना टेंडर."
मग बराच वेळ गप्प.
"सहा-सहा पावलांवर एक," म्हणाले,
"फक्त इथे बारा."

त्या मोकळ्या जागेत ओजस जाऊन बसला,
मांडी घालून, पंगतीत बसावं तसा.
मी मोबाईल वर धरला
आणि फोटो काढलाच नाही.
का, ते सांगता येत नाही.
ते सगळे त्याच्याकडे बघत होते वगैरे
असं काही नाही.
वारा होता. लांब एक पवनचक्की
अर्ध्या मनाने फिरत होती.
ओजसने विचारलं, "वाढणार कधी?"

दुपारी बांगडे. संध्याकाळी समुद्र, ठरल्याप्रमाणे.
वाळूने भरलेल्या चड्ड्या घेऊन विहिरीवर गेले,
धुण्याच्या धोंड्यावर पहिलाच आपटा घातला
तर आवाज ओळखीचा.
तांबड्या चिऱ्यांत एकटाच काळा.
वरची बाजू चार पिढ्यांच्या लुगड्यांनी
गुळगुळीत, मधोमध जराशी खोलगट.

"तो?" घाडीकाकू हसल्या.
"आजेसासऱ्यान हाडलो, गाडयेतसून.
सासू म्हणा, परत नेवन ठेवा.
पण कापड बरा निगता त्येच्यार."

मी कुणालाच सांगितलं नाही.
अण्णांना तर नाहीच, ते टेप मागत बसले असते.
चड्ड्या पिळल्या. उरलेली अर्धी बादली
त्याच्यावर ओतली, नुसतीच.
दिवसभर तापला होता.

सकाळी निघताना ओजस त्याच्यावर उभा,
तोंडात ब्रश, एका पायावर तोल,
तीन दिवस उभा राहत होता तसाच.
मी म्हटलं, उतर.
मग म्हटलं, राहू दे, पण थुंकायचं खाली.

गगनबावड्याच्या घाटात
खिडकीच्या काचेत अडकवलेली ओली चड्डी फडफडत होती.
अण्णा डोळे मिटून बोटांच्या पेरांवर
काहीतरी मोजत होते, चुकत होते,
पुन्हा पहिल्या पेरावर येत होते.
मागून मृण्मयीने विचारलं,
पुढच्या वर्षी गोवा ना?