एक सप्तक खाली

अरब्रोथला, उना लॉरिमरच्या स्वयंपाकघरात
बुटांचा खोका उघडला तेव्हा
आधी धुरावलेल्या माशाचा वास आला,
मग नऊ फ्लॉपी, एक सीडी,
आणि वहीच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेला पासवर्ड:
त्यांच्या कुत्र्याचं नाव, उलटं.
तळाशी एक जाड कोरा कागद.
तो मी आधारापुरता घातलेला समजले.

इनिस लॉरिमर जाऊन बारा वर्षं झाली.
कंपनी म्हणजे ते आणि मागच्या खोलीतलं एक टेबल.
छापील स्वरलिपी घ्यायची, ब्रेलचे ठिपके द्यायचे,
एवढंच करायचं ते सॉफ्टवेअर.
एल्स्पेथ गेडिस त्याच्यावर ऑर्गन वाजवायची,
म्हणजे चर्चमध्ये बोटं तिची, पण नवी स्तोत्रं यायची इथून.
तिचा म्हातारा लॅपटॉप
ती दिवसाला वीस मिनिटंच चालू करायची,
मोजून, डोळ्यांत घालायच्या थेंबांसारखा.

उनाने विचारलं, मी नक्की काय देतेय तुम्हाला?
मी लायसन्स वाचून दाखवलं.
तिला काही कळलं नाही. मलाही, खरं तर, अर्धंच.
मग म्हटलं, आमच्याकडे शेजारी विरजण मागायला येतात.
चमचाभर द्यायचं. नेणारीने कढी करावी, श्रीखंड करावं,
फक्त उद्या तिच्या दारात कुणी वाटी घेऊन आलं
तर नाही म्हणायचं नाही.
"आणि नासलं तर?"
तर देणारीशी भांडायला यायचं नाही.
हेही लिहिलंय, शेवटच्या परिच्छेदात, ओरडून.
तिने सही केली.
त्यांचं नाव राहू द्याल ना, एवढंच म्हणाली.

डंडीला परत आल्यावर, रात्रपाळी नसेल त्या रात्री
मी वाचत बसायचे.
गेलेल्या माणसाचा कोड वाचणं म्हणजे
त्याच्या चपला घालून जिना उतरणं,
झीज त्याच्या टाचेची, तोल आपला.
मध्येच एक टीप: इथे हात लावू नका.
का चालतं ते मला माहीत नाही.
मध्येच: उना जेवायला बोलावतेय. पुढचं उद्या.
पुढचं नव्हतंच.

हळूहळू माणसं आली.
स्वान्सीचा ग्रिफ, बारावीची परीक्षा बुडवून.
लिंकनच्या मार्जरी हॉब्डे, पियानो ट्यूनर, निवृत्त,
कोडचा गंध नाही, पण कुठे बेसूर ते अचूक सांगणाऱ्या.
ओबानच्या फेरीबोटीवरचा एक इंजिनिअर,
तो बोट धक्क्याला लागली की ठिगळं पाठवायचा.
दोन स्पेस की चार, यावर आम्ही महिनाभर भांडलो.
सगळं पाडून नवं बांधा म्हणणारा एकजण
तुम्ही खोक्याची समाधी बांधताय, म्हणून निघून गेला.
त्याचं अगदीच चूक होतं असं नाही.

एल्स्पेथला खोका दाखवायला नेला
(दाखवायला म्हणजे, हातात द्यायला).
तळाच्या कोऱ्या कागदावर तिचं बोट थबकलं.
"हे तर माझं पत्र."
प्रिय मिस्टर लॉरिमर, तिने वाचलं,
सतराव्या बारमध्ये डावा हात
एक सप्तक खाली पडतो.
बाकी सगळं सुरेख. घाई नाही.
मार्च दोन हजार चार.
कळलं असेल का त्यांना, की वेळ मिळाला नाही?
उनाला विचारायचं धाडस मला झालं नाही.

आमच्या यादीतली ही पहिली तक्रार,
यादीपेक्षा वयाने मोठी.
चूक होती त्या "हात लावू नका"च्याच खाली.
ग्रिफने पहाटे तीनला हात लावला.
चाळीस गोष्टी मोडल्या. सदतीस जुळल्या.

माझ्या घरी छपाईयंत्र ठोके देऊ लागलं,
खालच्या मजल्यावरून झाडूचा दांडा साथीला.
एल्स्पेथचं बोट सोळाव्यावरून सतराव्यावर गेलं, थांबलं.
"इतकी वर्षं इथे आले की
मनातल्या मनात एक पायरी चढायचे," ती म्हणाली.
"आज पाय पोकळीत पडला."

मी तक्रार क्रमांक एक मिटवली,
खाली लिहिलं, उशिराबद्दल क्षमस्व.
तोवर मार्जरीबाईंनी क्रमांक दोन उघडला होता:
तेविसावा बार. उजवा हात.