रोजच्या वापराचं

खडेबाजारात हंपण्णावरांच्या काउंटरवर
मखमलीच्या तुकड्यावर तीन घड्याळं,
आणि मी चौथ्यांदा विचारतोय
ह्यातलं रोजच्या वापराचं कोणतं.

"रोजचं म्हणजे, रोज काय करता तुम्ही?"
उद्यमबागेत टर्नर आहे. सत्तावीस वर्षं.
अलीकडे टायटॅनियमच, विमानाचे बुश,
म्हणून हा धातू मला शिकवू नका, हंपण्णावर.
दिसायला गरीब,
राख लावून घासायचं राहिलेल्या पातेल्यासारखा,
खरं टूलला असा चावतो
की इन्सर्टची धार चहाआधीच जाते.
ताप स्वतःकडे घेत नाही,
समोरच्याच्या तोंडावर ठेवतो,
माझ्या थोरल्या मेव्हण्यासारखा.
भुसा साठला, ठिणगी पडली, तर पांढराफेक जळतो.
पाणी चालत नाही. वाळू.
यल्लाप्पाच्या भुवया परत उगवल्या
तेव्हा एक काळी होती, एक करडी.

"नोड्री," ते म्हणाले, आणि बटणं दाबायला लागले.
ह्यात होकायंत्र.
ह्यात भरती-ओहोटी. (कुठली? मार्कंडेयची?)
ह्यात उंची: आकडे फिरले, थांबले,
सातशे ब्याऐंशी मीटर.
"जरा जास्त दाखवतंय. आभाळ भरलं की असं करतं."
हे मला आवडलं.
ढग आले की गाव थोडं वर जातं.

ह्यात जगाची वेळ,
कडेनं मुंगीएवढ्या अक्षरांत शहरं:
कराची, दिल्ली, ढाका.
आमच्या गावाला दोन नावं,
एक खरडलेलं, एक वर चिकटवलेलं,
आणि दोन्हीसाठी भांडणारे आमचेच.
घड्याळात एकही नाही.
जरा बरं वाटलं.
शिनोळीला पोचलं की फोन लगेच
दुसऱ्या राज्यात स्वागत करतो,
काटा काही हलत नाही.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.
मशीनवर घड्याळ चालत नाही.
दस्तगीरच्या हातात साखळीचं होतं,
तो आता टूलरूममध्ये बसतो,
डाव्या हातानं सही करतो.
म्हणजे सकाळी सात ते साडेतीन
माझं रोजचं घड्याळ खिळ्याला टांगलेलं असणार,
पत्र्याच्या कपाटात, डब्याच्या वर.
आणि वेळ?
एक बुश अकरा मिनिटं.
पाच बुश झाले की चहा.

मग कशाला, असं बायको विचारणारच आहे.
साडेचौदा हजार.
मलाही नीट सांगता येत नाही.
इतकी वर्षं दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवरून कापला,
दोन शतांशाची चूक झाली की भंगार,
कापलेला तुकडा कुठल्या विमानात गेला
ते कधी कळलं नाही,
विमानात बसलोच नाही अजून.

तळव्यावर घेतलं. बेचाळीस ग्रॅम, मी म्हणालो.
त्यांनी सोन्याच्या काट्यावर ठेवलं: एक्केचाळीस.
"आँ," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा
माझ्यासाठी चहा सांगितला.

मग त्यांची भिंग मागून मी मागची झाकणं बघितली.
पहिलं आरसा. दुसरंही आरसा.
तिसऱ्यावर, पार कडेला, एक रेघ.
शेवटच्या फेरीत फीड जरा वाढवलेला.
कुठल्या देशात कुणास ठाऊक,
कुणाची तरी पाळी संपत आली होती,
कुणाची तरी बस सुटणार होती.

"त्याला डाग आहे, पीस बदलून देतो की."
नको. हेच द्या.
पट्ट्याच्या दोन कड्या मीच काढतो, तुमची पिन वाकडी आहे.
"नडितैति," हसून म्हणाले,
आणि बिलावर पाचशे कमी केले.

आता दर तासाला पत्र्याच्या कपाटातून
पिप पिप आवाज येतो.
बंद करायचं बटण मला सापडत नाही,
सहा बटणं आहेत, पुस्तिका जपानीत.
टूलरूमच्या खिडकीतून दस्तगीर मान वर करतो.
"जा गा," म्हणतो, "तुझं लेकरू उठलंय बघ."