कुसळं

पहाटे साडेपाचला विश्रामबागच्या चौकात
आम्ही सोळाजण, कानटोप्यांतून एकमेकांना ओळखत.
बाबगोंडा मगदूम, बँकेतले निवृत्त कॅशियर,
अंगठा जिभेला लावून आम्हाला मोजतात.
सोळा.
पुन्हा मोजतात. सोळा.
मग गाडी हलते.

पलूस मागे पडेस्तोवर कुणी बोलत नाही.
काचेवर धुकं, धुक्याआड ऊस,
उसाआड कुठेतरी गुऱ्हाळ पेटलेलं,
त्याचा वास तेवढा आत येतो, तिकीट न काढता.

सागरेश्वरच्या फाटकापाशी वनरक्षक हात चोळत सांगतो,
प्लास्टिक नको, मोठ्यानं बोलणं नको,
हरणं दिसली तर दिसली,
नाही दिसली तर माझ्यावर रागवू नका.
शाळेत पीटी शिकवणारी शाहीन मुजावर
गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवते.

वाट चढते.
गवत पिवळं, कमरेइतकं, दहिवरानं जड.
पहिल्या वळणावर सगळ्यांचे बूट ओले,
दुसऱ्या वळणावर गट पडलेले :
पुढे गुडघे, मागे गप्पा.
मी मधे. माझ्याकडे दोन्ही धड नाहीत.

झुडपात सातभाई भांडत होते.
मोजले, तर नऊ निघाले.
मगदूम म्हणाले, हिशेब लागत नाही
म्हणूनच ओरडतायत.

वर, खैराच्या विरळ सावलीत
एक बाई बसली होती, मांडीवर विळा.
'कुठनं आलासा?'
'सांगलीहून.'
'कशाला?'
'चालायला.'
तिनं आमच्या बुटांकडे पाहिलं, काठ्यांकडे,
पाठीवरच्या फुगलेल्या पिशव्यांकडे.
'एवढ्या लांबनं गाडीत बसून… चालायला?'
आणि अशी हसली, की आम्हीही.

नाव चिंगूबाई. आमच्याबरोबर निघाली, न विचारता.
पोरगी असताना रोजंदारीवर इथं खड्डे काढलेले.
मुरमात पहार लागली की ठिणगी उडायची, म्हणाली,
हाडं दुखायची, पण रात्री झोप काय लागायची!
चालताना खोडांवर थाप मारत होती,
गोठ्यात म्हशींवर मारावी तशी.
'ह्यो माझा.
ह्यो न्हाई माझा.
ह्यो माझा, वाकडा हाय तरीबी.'

एका शिरीषापाशी थांबली.
पानं झडलेली, वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत.
'ह्यो माझ्या जावंचा. तिचं येवढंच एक जगलं.
आमचं बोलणं बंद हाय, बांधावरनं.
अकरा वर्सं झाली.'
शाहीननं विचारलं, मग हे जगलं कसं, या मुरमात?
चिंगूबाईनं पदरानं नाक पुसलं.
'उन्हाळ्याचं मी पाणी घालत हुतो.
ती घरला गेली की, मागनं.'
थोडं पुढं जाऊन वळली :
'तिला सांगू नगासा.'

आम्ही कुणाला सांगणार?
आम्हाला तिच्या जावेचं नावही माहीत नव्हतं.
तरी सगळ्यांनी माना हलवल्या, शपथेसारख्या.

हरणं दिसली नाहीत.
लेंड्या दिसल्या, ताज्या, काळ्याभोर,
त्यांचेही तिघांनी फोटो काढले.
दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थर्मासातला चहा.
चिंगूबाईनं चहा घेतला, दशमी कमरेला खोचली.
ऊन आता पाठीवर हात ठेवल्यासारखं.

फाटकाशी मगदूमांनी अंगठा ओला केला.
सतरा.
आम्ही वाट पाहिली. ते पुन्हा मोजतील,
नोट एक जादा आली की मोजायचे तसे.
नाही मोजलं.
रुमालाला अंगठा पुसला आणि म्हणाले, बसा गाडीत.

रात्री गॅलरीत बसून मोज्यांतली कुसळं उपसली.
चाळीसेक असतील. वर्तमानपत्रावर ढीग केला.
मोजे दोनदा धुतले.

बुधवारी दुकानात गर्दी.
खिद्रापुरे काका साखरेच्या गोळ्या मागत होते,
आणि घोट्याजवळ काहीतरी टोचलं.
'एक मिनिट,' म्हणाले,
आणि काउंटरखाली वाकले.
वर लवकर आले नाही.