काचेतली अमावास्या

ऑक्टोबर सरताना वाइनो केतोला दुकानात येतो,
काउंटरवर टॉवेल पसरतो, त्यावर रिकामं रिव्हॉल्व्हर ठेवतो.
चव्वेचाळीस मॅग्नम, लांब नळीचं,
लोखंडाच्या खाणीतून सुटला त्या वर्षी घेतलेलं.
'इर्मा, याला डोळा बसवून दे,' म्हणतो,
'नळीच्या टोकाची खूण दिसेनाशी झाली,
आणि हरणाचा सीझन तीन आठवड्यांवर.'

मी दोन खोकी काढते.

पहिल्यात दुर्बीण. पिस्तुलाची, दोनपट.
'नुसतीच बघ आधी, हातभर लांब धरून.'
मान तसूभर ढळली की काचेत अमावास्या.
मान जागेवर आली की रस्त्यापलीकडच्या
बेकरीची पाटी एकदम उंबऱ्यात,
अक्षरांवरच्या बर्फासकट.
तो श्वास रोखतो.
पाटी हलते आहे.
बाहेर वारा नाही.

मी खोक्यावरचा बारीक मजकूर वाचत बसते.
एकतीस वर्षं ड्रिल धरलेले हात ते,
दुर्बीण लांबचं दुप्पट करते
तशी त्यांचीही थरथर दुप्पट करते,
भीड म्हणून ठेवत नाही.

दुसऱ्यात लाल ठिपका.
'हा काहीच जवळ आणत नाही,
हरीण जिथे आहे तिथेच राहतं.
दोन्ही डोळे उघडे ठेव आणि ठिपका सोड त्याच्यावर.'
तो बघतो, कपाळाला आठ्या.
'ठिपका कुठला? ही तर पायाखाली आलेली रासबेरी.'
'तुझ्या बुबुळाचा दोष तो. उजेड उतरव.
अजून उतरव.'
'हां. आता एकच दाणा उरला.'
हात तेव्हाही थरथरत असतो,
पण ठिपका चुगली करत नाही.

मग आम्ही बोलतो,
म्हणजे मी बोलते आणि तो कॉफी पितो.
संध्याकाळी सहाच्या उजेडात दुर्बीण बरी.
उणे पंधरात बॅटरी मान टाकते,
कोटाच्या आतल्या खिशात दुसरी ठेव.
मेहुणा रेइनो म्हणतो दुर्बीणच घे,
पण रेइनो बसतो मोकळ्या कुरणाच्या कडेला,
सव्वाशे पावलं स्वच्छ.
दुरून डोंगर साजरे, हरणंही.
वाइनो बसतो सीडरच्या दलदलीत,
तिथे पन्नास पावलांपुढे
झाडांशिवाय कोणी कोणाला दिसत नाही.

कॉफी संपते. तो कप टॉवेलवर ठेवतो,
गोल डाग पडतो, तो पुसतो.
'जवळ आणायला माझे पाय आहेत अजून,' म्हणतो.
'ठिपका लाव.'

मी लावते. चार स्क्रू, चिकटद्रव्याचा एकेक थेंब,
कारण चव्वेचाळीसचा धक्का ढिलं काही ठेवत नाही.
खाणीच्या जुन्या मैदानावर पन्नास गोळ्या,
शेवटच्या सहा एका बशीत मावतील अशा.

सोळा नोव्हेंबरला कागदात बांधलेलं मांस येतं,
वर पेन्सिलने: मागची मांडी. इर्मासाठी.
किती पावलांवर, मी विचारत नाही.
तो सांगतो: 'चौतीस.'
आणि दाराशी पोचल्यावर, मागे न वळता:
'बत्तीस. दोन मी घाबरून मागे सरलो होतो.'

डिसेंबरात लेम्पी येते, त्याची बायको,
बुटांवरचा बर्फ दोनदा झटकते.
शिवणाच्या डब्यातून एकबारी पिस्तूल काढते,
तेल घातलेलं, कोणाला न दाखवलेलं.
'ते दुसरं खोकं अजून आहे ना?'
मी दुर्बीण पुढे करते.
ती हात लांब करते,
बेकरीच्या पाटीकडे बघते,
बघतच राहते.
पाटी भिंतीला खिळल्यासारखी.

'ते काल नाव बदलून गेलेत,' ती म्हणते,
'शेवटचं अक्षर उलटं लावलंय.'

किंमत ती मोजून देते, सुट्या नोटांत.
'वाइनोला सांगू नकोस,' म्हणते,
'त्याला वाटतं थंडीत सगळ्यांचेच हात कापतात.'