सातव्या पायरीची फट

गंजगोलाईच्या मागं, झेरॉक्सच्या दुकानावर
दुसऱ्या मजल्याला आमचं ऑफिस.
खालचं मशीन दिवसभर नीटच्या नोट्स काढतं,
वर आम्ही गेम काढतो.
फरक इतकाच, खाली शाई लागते.

माझं काम कातडं बदलायचं.
आत सांगाडा एकच :
पोरगं पळतंय, नाणी वेचतंय,
मागं कुणीतरी लागलंय.
सोमवारी पोलीस लागला,
गुरुवारी अस्वल.
बिराजदार सर म्हणाले, राक्षस टाका,
सणासुदीला चालतो.
तबस्सुम नाण्यांचे पेढे करते,
पेढ्यांचे हिरे,
हिऱ्यांची परत नाणी.
एकदा विसरली, तर अस्वलाच्या हातात
पोलिसाची काठी तशीच राहिली.
त्या गेमला बाकीच्यांपेक्षा जास्त तारे पडले.

नावांसाठी भिंतीवर तक्ता आहे.
डावीकडं सुपर, मेगा, रिअल, देसी.
उजवीकडं रन, रश, डॅश, धूम.
डोळे झाकून बोट ठेवायचं.

त्रेचाळीस झाले आजवर.
खेळत कुणी फारसं नाही,
लोक जाहिरात बंद करायची फुली शोधतात.
ती सापडली नाही
की आमचा पगार होतो.

दसऱ्याला चाकूरला गेलो, ताईकडं.
तिनं हातावर आपट्याची पानं ठेवली, सोनं म्हणून.
बसवेश बाजेवर, आईचा फोन घेऊन,
काच कोपऱ्यात तडकलेली.
गेम आमचा नव्हता.
माकड पळत होतं, मागं ट्रॅक्टर,
आणि वरची अक्षरं कुठल्या देशातली
ते मलाही कळेना.
म्हटलं, काय खेळूलालास?
तो मान वर न करता म्हणाला,
मामा, गंमत बघ,
सातव्या पायरीला डावीकडं चिकटून थांबलं की
भिंतीत फट हाय.
समद्या गेमात असती.
आत शिरलं की कुणीच मागं लागत नाही.

ती फट माझी.

आठ वर्षांपूर्वी, पहाटे साडेतीनला,
दहा दिवसांनी नळाला पाणी येणार म्हणून जागा होतो.
भिंतीची रुंदी सोळा लिहायची, पंधरा लिहिली,
तेवढ्यात गल्लीत घागरी वाजल्या
आणि मी उठून गेलो.
तो पहिला गेमही माझा नव्हता,
कुणाच्या तरी पेनड्राईव्हमधून आलेला.
भिंत दुसऱ्याची.
पंधरा तेवढे माझे.

त्याची आम्ही त्रेचाळीस वेळा नक्कल केली,
आमची कुणी केली, त्याची आणखी कुणी,
आणि एवढ्या हातांतून जाऊनही
एकानंसुद्धा उघडून वाचलं नाही.
वाचलं ते या पोरानं. अंगठ्यानं.

त्यानं माकड फटीत नेऊन बसवलं.
ट्रॅक्टर पुढं निघून गेला,
रिकाम्या रस्त्यावर नाणी पडत राहिली.
आता रे?
आता काय नाही, म्हणाला. बसू दे त्याला.
फोन माझ्या मांडीवर टाकून
टायर घेऊन पळाला बाहेर.

सोमवारी सरांनी यादी दिली.
दिवाळी स्पेशल, मागं लागणारा : बैल.
भिंतीची फाईल उघडली. पंधरा.
शेजारी कर्सर लुकलुकत होता,
एक बोट पुरलं असतं.

राक्षसाला शिंगं लावली, फाईल मिटली.

तबस्सुमनं विचारलं, पेढे का हिरे?
म्हटलं, आपट्याची पानं कर.
ती हसली,
कोण ओळखणार ती?