ढग आल्यावरची मिनिटं

लुवेरोच्या उतारावर, कसाव्याच्या रानात
नाबुकीरा पानाला चिमटा लावते
आणि ढगाची वाट बघते.
(तुमच्या उपासाचा साबुदाणा याच कंदाचा.
इथे मात्र हे रोजचं जेवण.)

ढग येतो. पान झाकोळतं.
पडद्यावरची रेघ खाली उतरते, पण इतकी रेंगाळत
की सेम्वांगा म्हणतो, यंत्र बिघडलं.
यंत्र धड आहे.
पानालाच अजून पटलेलं नाही, ऊन गेलं म्हणून.

भर दुपारी झेपत नाही तो प्रकाश
ऊब करून उधळायचा,
नाहीतर आतली हिरवी चूल करपते,
एवढं शहाणपण पानाला जन्मजात.
पण सावलीत येऊनही ते उधळतच राहतं,
पदरात पडलेलं थोडकंसुद्धा.
दिवसाला ढग किती,
वाऱ्याने वरचं पान खालच्यावर किती वेळा झुकतं,
नाबुकीराने एकदा हिशेब मांडला
आणि अर्ध्यावर वही मिटली.

आई तिची अजून चपला घालून झोपते.
लढाई संपली तेव्हा नाबुकीरा जन्मलीही नव्हती.
उशाशी गाठोडं: मीठ, काडेपेटी, एक पातेलं.
रात्री रस्त्यावरून मोटारसायकल गेली
की उठून बसते,
आवाज वळणापलीकडे विरला तरी बसलेलीच.
"गेली गं. भाड्याची होती."
"असू दे."

चौदाव्या ओळीतली रोपं वेगळी.
त्यांची जनुकं जराशी चाळवलेली:
सावली पडली की छत्री झटकन मिटावी म्हणून.
आई बघायला आली, बांधावरच थांबली.
"आणि ऊन एकदम परत आलं तर?
भाजायची नाहीत?"
"उघडतातही झटकन."
आई काही बोलली नाही.
दुसऱ्यांच्या रानातला कसावा रात्री उकरून
ती अडीच वर्षं जगली होती.
मातीत लपतो, जळत नाही,
म्हणून तिचा त्याच्यावर विश्वास. पानांवर नाही.

पहिल्या वर्षी चौदावी ओळ काट्यावर भरली जड.
दुसऱ्या वर्षी फरकच दिसेना.
सेम्वांगाने तिसऱ्यांदा काडक्या रोवल्या.

आता रात्री मोटारसायकल गेली
की नाबुकीरा अंधारात घड्याळाकडे बघते:
आई आडवी व्हायला किती मिनिटं?
परवा नऊ. काल अकरा.
ही नोंद ती कुठे लिहीत नाही.