उरलेले दोन दिवे

शुक्रवारी रात्री घड्याळ माझ्या अंगठ्याखाली असतं.
एकोणीस वर्षं झाली. बाकी आठवडा धान्याच्या कोठारात
ट्रक तोलतो. नेब्रास्कात दुसरं काय.

चौदा-सतरा. आम्ही मागे, चेंडू त्यांच्याकडे,
दोन मिनिटं वीस. फलकावर आमच्या नावाखाली
तीन दिवे, म्हणजे तीन टाइमआउट.
ते पळतात, पडतात, पडूनच राहतात,
एकमेकांना सावकाश उठवतात
लग्नात जेवलेल्या म्हाताऱ्यांसारखे.
कोच स्टेंगरचे हात खिशात.
माग, ऑर्व्हिल, माग.
चाळीस सेकंद सांडले, भोक पडलेल्या गोणीतून.
अजून चाळीस.

हाच माणूस वाकडे खिळे ठोकून सरळ करतो,
कॉफीच्या डब्यात ठेवतो. लागतील म्हणतो.

एकवीसवर एक मागितला.
मग पंट, मग उरलेले अकरा,
मग धाकट्या ब्रँटने मधोमध झेललेला पास,
तिथेच पाडलेला,
आणि शून्य.

गाड्या गेल्या. पॉपकॉर्नवाली बाई
कढई पुसून गेली.
तो मैदानातच. वर माझ्या खिडकीकडे बघत
त्याने एका हाताची उभी बोटं
दुसऱ्या आडव्या तळव्याला टेकवली.

थांबवायला काही नव्हतं.
मी एक दिवा विझवला.

तो उभा राहिला, काहीतरी मोजत.
पुन्हा बोटं टेकवली.

या वेळी मी अंगठा हलवला नाही.
एक असू दे, ऑर्व्हिल.
डब्यात.